कॅलगरी–विटा, मार्गे फ्रँकफर्ट

शारजाहून मुंबईला विमान तीन तासांत येतं. आमच्या आगारातल्या हिंदुराव ड्रायव्हरचा मुलगा शिवतेज शारजालाच असतो. हिंदुराव गुरुवारी सकाळी नऊला गेला आणि शिवतेज विट्यात पोचला शुक्रवारी सकाळी दहाला. मधल्या वेळात बापाची राख झाली होती. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाकडं आणि साहेब समुद्रावर मासे धरायला गेलेला. तीन तासांच्या विमानात बसायला किल्लीपायी अकरा तास गेले. इकडं भावकीनं दुपारपर्यंत वाट बघितली. मग कुणी आभाळाकडं बघितलं, कुणी घड्याळाकडं, आणि दिवस मावळायच्या आत उरकायचं ठरलं.

शुक्रवारी मी शिवतेजबरोबर स्मशानात गेलो. पोरगा राखेच्या कडेला उकिडवा बसला, तळहात पुढं करून बघत राहिला.

"काका, अजून गरम हाय की," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो.

मी विटा आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गावात मला लालासाहेब म्हणून कमी आणि कंट्रोलर म्हणून जास्त ओळखतात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी मंडईत एखादी म्हातारी मला अडवून विचारते, "भाऊ, आटपाडी लागली का?" आणि मी घड्याळ बघून उत्तर देतो. सांगायचा मुद्दा असा, की वेळ आणि अंतर या दोन गोष्टींत मला कुणी काही शिकवावं, असं माझं वय राहिलेलं नव्हतं. निदान माझा तसा समज होता. त्या दिवशी स्मशानातून आलो, अंघोळ केली आणि वही घेऊन टेबलाशी बसलो. आमची एकुलती एक मुलगी शिवांजली, तिचा नवरा पृथ्वीराज, दोघं कॅनडात कॅलगरीला असतात. शारजाच्या पोराची ही गत, तर कॅलगरीच्या पोरीचं काय होणार?

मंगल, माझी बायको, चहा घेऊन आली. "काय लिवताय?"

"अंतर."

"कुठलं?"

"असंच."

तिनं वहीत डोकावून बघितलं. कॅलगरी हे नाव तिला वाचता आलं आणि बाकीचं कळलं. "आवं, हिंदुरावभाऊजींना जाऊन दोन दिस न्हाई झालं. गप पडा जरा," म्हणाली आणि कप ठेवून गेली.

मी गप पडलो नाही. मोबाईलवर शोधलं. एका ठिकाणी उत्तर अगदी तयार होतं: मुंबई ते कॅलगरी, हवाई अंतर सुमारे बारा हजार दोनशे किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ साडेचौदा तास. मला इतका आनंद झाला, की मी शिवांजलीला सहावीत बक्षीस मिळालेला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला आणि दोरा लावून बघितला. दोरा मुंबईवरून निघून पार उत्तर ध्रुवाच्या कडेनं गेला. साडेचौदा अधिक मुंबई ते विटा साडेसात, म्हणजे बावीस तास. सकाळी मेलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी हजर. एका दिवसाची वाट कोणतीही भावकी बघेल.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसली.

"पप्पा, असं विमान नसतंच. ते कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं असतं. फ्रँकफर्टला उतरून बदलावं लागतं."

म्हणजे ही मार्गे गाडी होती. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की थेट गाडीची वेळ मार्गे गाडीला लावू नका, आणि मीच फसलो. नवीन पान काढलं. बातमी कळून तिकीट मिळेपर्यंत पाच तास. घर ते विमानतळ एक. विमानाआधी हजेरी तीन. कॅलगरी ते फ्रँकफर्ट नऊ. फ्रँकफर्टला थांबा पाच. फ्रँकफर्ट ते मुंबई आठ. सामान आणि शिक्के दीड. मुंबई ते विटा साडेसात. खंबाटकी घाटात एक, कारण खंबाटकी घाट हा खंबाटकी घाट आहे. एकूण एक्केचाळीस तास.

आकडा लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. एक्केचाळीस तास मला कोण ठेवणार होतं?

या विषयातले जाणकार आमच्या शेजारीच राहतात. धनाजीराव अडतीस वर्षं कोईमतूरला गलाईच्या दुकानात होते. सोनं वितळवून शुद्ध करायचा हा धंदा आमच्या भागातली माणसं देशभर करतात, आणि माणसं देशभर असली की मरतातही देशभर. तेव्हा कुणाला कुठून किती तासांत गावी आणलं, हे धनाजीरावांना तोंडपाठ. ते ओट्यावर बसले, माझी वही मांडीवर घेतली आणि चष्मा कपाळावर सारून म्हणाले,

"बर्फाचं काम न्हाई हे. बर्फ चोवीस तासांच्या वर दगा देतो. शीतपेटी लागंल तुला. आपल्या गावात एका सेवा मंडळाकडं हाय, लाईटवर चालती. फकस्त मंगळवारी लाईट जाती दिवसभर. मंगळवार सोडून बघ गड्या."

मी वहीत लिहिलं: मंगळवार वगळून.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात गेलो. तिथला कारकून सभ्य होता, हे मी पुढं जे घडलं ते जमेला धरूनही म्हणतो. त्यानं फॉर्म पुढं ओढला.

"मयताचं नाव?"

"लालासाहेब ज्ञानदेव साळुंखे."

"वय?"

"त्रेसष्ट."

"कवा झालं?"

"अजून झालं नाही."

त्याचा पेन थांबला. "मग पेशंट कुठं हाय?"

"पेशंट कुणी नाही. मी आधी चौकशी करायला आलोय."

"बरं. मयताशी नातं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यभर रकान्यांत खरं लिहिलेल्या माणसाची जीभ वळत नाही. "स्वतः," मी म्हणालो.

त्यानं मला पाणी दिलं. पंखा माझ्याकडं वळवला. मग अतिशय हळू आवाजात नियम सांगितले. पेटी चोवीस तासांसाठी मिळते. मुदतवाढ हवी असल्यास अर्जदारानं स्वतः येऊन सही करायची.

"म्हणजे चोवीस तास झाले की मी सहीला यायचं?"

"नियम हाय, साहेब."

"मी तेव्हा पेटीत असणार की."

त्यानं विचार केला. "मग जाताना कुणाला तरी अधिकारपत्र देऊन जावा."

आगाऊ नोंदणी मात्र होत नव्हती. मागं एका गृहस्थांनी केली होती आणि ते अजून ठणठणीत आहेत, दर महिन्याला पेटी बघून जातात, त्यामुळं मंडळानं ती पद्धत बंद केली होती. मी आभार मानून निघालो. दारातून वळून बघितलं, तर कारकून उभा राहून माझ्याकडं बघत होता, डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कंट्रोलरला दुखणं लागलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, माणूस किती व्यवस्थित बघा, स्वतःची पेटी स्वतः ठरवून आला. समोरच्या बनुबाई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या आणि मी तो पिईपर्यंत हलल्या नाहीत. शिराळ्याहून कुणाचा तरी मेहुणा मुळी घेऊन आला. आगारातला एक जुना कंडक्टर आला, माझ्या पायाशी बसला आणि दोन हजार अकरा साली त्यानं खानापूरच्या शेवटच्या फेरीत काय केलं होतं ते कबूल करून माफी मागितली. मला ते माहीतही नव्हतं. मी धडधाकट आहे हे दाखवायला सकाळी भिवघाट रस्त्याला झपाझप चालायला गेलो, तर मागून ऐकू आलं, "धीराचा माणूस हाय लय. बघा, चालतोय तरी कसा."

माणसाला मरणाची बातमी खोडून काढायचं काहीही साधन नसतं. जिवंत दिसणं हे त्यांतलं सर्वांत दुबळं.

मंगल आल्यागेल्याला चहा करत होती. तिसऱ्या दिवशी साखर संपली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मोजायचं थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

आता दाढेविषयी. माझी खालची दाढ महिनाभर ठणकत होती आणि ती काढायची तारीख नेमकी पुढच्या मंगळवारी, मिरजेला होती. सोबतीला धनाजीराव. आम्ही तिकडं असताना शिवांजलीचा घरी फोन आला. आगारातल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'लालासाहेबांसाठी प्रार्थना करा' असा निरोप फिरला होता, हात जोडलेल्या चित्रासकट, आणि तो फिरत फिरत पृथ्वीराजच्या मावशीकडून कॅलगरीला पोचला होता. त्याला एक्केचाळीस तास लागले नाहीत.

"पप्पा कुठायत?" तिनं विचारलं.

"मिरजेला दवाखान्यात गेल्यात, धनाजीभाऊजी संगं हायत," मंगल म्हणाली, आणि मंगळवार असल्यानं लाईट गेली, वायफाय गेलं, फोन तुटला.

तिनं मला लावला. माझं अर्धं तोंड बधिर, अर्ध्यात कापूस. मी म्हणालो, "काही नाही झालं गं, दाढ काढली." माझ्या कानालाही ते "आई आई आअं अं" असं आलं. ती रडायला लागली. मी घाबरून फोन धनाजीरावांना दिला. धनाजीराव अडतीस वर्षं परगावी राहिलेले, फोनवर धीर द्यायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. ते म्हणाले, "पोरी, तू काळजी करू नको. आमी हाय हितं सगळी."

हे वाक्य आमच्याकडं एकाच प्रसंगी बोलतात.

नंतर मंगलनं तिला फोन करून दाढेचं सगळं सांगितलं. पण तिनं विश्वास ठेवला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. तिची आजी गेली तेव्हा तिची परीक्षा होती म्हणून आम्ही अकरा दिवस 'आजी झोपलीय, आजी अंघोळीला गेलीय' असं सांगत राहिलो होतो. तेव्हापासून आमचं 'सगळं ठीक आहे' तिला खरं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दारात भाड्याची गाडी थांबली. मी ओट्यावर बसून मऊ भात खात होतो. शिवांजली उतरली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पायात घरातल्या सपाता. तिनं फाटक उघडलं आणि मला बघून तिथंच उभी राहिली.

माझा हात सवयीनं घड्याळाकडं गेला. तिच्या फोनपासून साडेशेहेचाळीस तास झाले होते.

"साडेपाच तास कुठं गेले?" मी विचारलं.

आयुष्यात मी पुष्कळ चुकीची वाक्यं बोललो आहे. हे त्यांतलं पहिल्या नंबरचं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी मुंबईपासून रडत आलेय. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून मला पाणी दिलं. आणि तुम्ही मला लेट मार्क लावताय?"

ती पायरीवर बसली. मी भाताचं ताट हातात धरून तिच्याशेजारी बसलो. तिनं माझ्या सुजलेल्या गालाला हात लावून बघितला, मग परत रडली, मग थोडी हसली, आणि मग मंगल बाहेर आली. तिनं पोरीची बॅग उचलली आणि आत गेली. पोरगी तिच्या मागं गेली.

दिवाळीला यायचं म्हणून साठवलेली सगळी सुट्टी त्या येण्यात गेली. नवीन नोकरीत साहेबाची बोलणी खाल्ली ती वेगळी. ती नऊ दिवस राहिली. त्या नऊ दिवसांत माझ्याशी ती फारसं बोलली नाही, आणि मायलेकी मात्र सकाळपासून बोलत असायच्या. घेवडा निवडताना, माळ्यावरची भांडी काढताना, दुपारी पंख्याखाली आडव्या होऊन. मी आत गेलो की गप्प व्हायच्या. मी वर्तमानपत्र घ्यायला आलोय असं दाखवून वर्तमानपत्र घेऊन बाहेर यायचो. दिवसातून चार वेळा तेच वर्तमानपत्र. माझ्या मनाला ते लागलं, हे कबूल करतो. या सगळ्याचा खटाटोप मी केला होता, मरणार मी होतो, आणि मला विचारत कुणी नव्हतं.

मी मंगलला एकदा तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या मातीला आली असती तर आमाला दोघींला चार शब्द बोलाया सुचलं असतं का? आता निवांत बोलतोय तर बोलू द्या की."

त्या काय बोलत होत्या ते मला गणपतीत कळलं. शिवांजलीला दिवस गेले होते. तिच्या आईला ऑगस्टपासून माहीत होतं, पृथ्वीराजच्या आईला माहीत होतं, बनुबाईंना माहीत होतं. धनाजीरावांनासुद्धा संशय होता.

मार्चच्या मधल्या आठवड्यातली तारीख होती. बाळंतपणाला मंगलनं जायचं ठरलं. मी पण येतो म्हणालो, तर ती म्हणाली, "बाळंतपणात तुमचं काय काम? घड्याळ धरून हुबं राहणार." मग तिचा एकटीचा पासपोर्ट. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, असा नियम. मंगलनं आयुष्यभर केस कानांवरून घेतलेले. स्टुडिओवाल्यानं पाच वेळा फोटो काढला आणि सहाव्या वेळी तिनं दोन्ही हातांनी केस मागं धरले, तर हात फोटोत आले. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला गेलो, तर चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या बोटांचे ठसे यंत्राला घेता येईनात. तिथल्या मुलीनं ओल्या रुमालानं तिची बोटं पुसली, परत लावली, परत पुसली. मंगल तिला म्हणाली, "बाई, झिजल्यात गं. जरा दाबून बघ." शेवटी उमटले. जानेवारीत व्हिसा आला. तीन मार्चचं तिकीट काढलं. मी तिला कागदावर सगळा प्रवास लिहून दिला, कुठं उतरायचं, कुणाला कोणता कागद दाखवायचा. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिली, "मी मार्गे फ्रँकफर्ट चाललीय."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी पावणेआठला, ती लाडवांसाठी डिंक तळत होती. "जरा पंखा लावा," म्हणाली. मी पंखा लावून वळलो तर ती ओट्याला टेकून खाली बसली होती. गॅस चालू होता. मी आधी गॅस बंद केला. ते मी का केलं, मला अजून कळत नाही. धनाजीरावांच्या जावयानं गाडी काढली. विट्यातला कुठलाही दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तेवढाही वेळ तिच्याकडं नव्हता.

शिवांजलीकडं रविवारची संध्याकाळ होती. मी फोन केला. या वेळी माझं तोंड बधिर नव्हतं, मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मी निघते." मग फोन पृथ्वीराजनं घेतला.

"पप्पा, तिचं बीपी वाढलंय. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. विमानात तर—"

"मला माहीत आहे."

"मी एकटा येऊ का?"

"तू तिच्यापाशी थांब."

मी फोन ठेवला आणि बाहेर आलो, तर दारात टेम्पो उभा होता. धनाजीरावांनी मला न विचारता पेटी आणली होती. मंडळाचा तोच कारकून पेटीबरोबर आला होता. त्यानं फॉर्म काढला नाही, काही विचारलं नाही. पेटी पुढच्या खोलीत लावली, वायर स्वतः जोडली, हात आत घालून गार झाली का बघितलं, आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मंगलला तिच्यात ठेवलं. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि धनाजीरावांना सांगायला लागलो. चोवीस तासांनी मी स्वतः सहीला जाईन. परत चोवीस तासांनी जाईन. डॉक्टरांनी परवानगी दिली तर शिवांजली चार दिवसांत येईल. नाही तर बाळ झाल्यावर येईल. महिना ठेवू. उद्या मंगळवार आहे, लाईट जाईल, तर बर्फ आणू, जनरेटर आणू. मी खूप बोललो. धनाजीराव, ज्यांच्याकडं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो, माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे होते.

बाहेर माणसं जमली होती. कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"पप्पा, आईला पेटीत ठेवलंय का?"

"हो."

"काढा तिला."

"तू वेळेची काळजी करू नको. मी—"

"पप्पा, ऐका. मी येऊन गेलेय. ऑगस्टमध्ये आले होते ना, ती मी आईलाच भेटायला आले होते. तुम्हाला काही झालं नव्हतं, आणि नऊ दिवस आम्ही दोघी होतो. बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही आम्ही. आता तिला ताटकळत ठेवू नका. तुम्ही तिथं वाट बघत बसलात, तर मला इथं नुसतं पडून राहता यायचं नाही."

मी पेटीवर हात ठेवला.

"पप्पा?"

"हां."

"कुणालातरी तिचे केस नीट विंचरायला सांगा. तिला तसंच जायला आवडायचं नाही."

मी बनुबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, फणी कुठं आहे. अडतीस वर्षं एका घरात राहिलो, मला सांगता आलं नाही. बनुबाईंनी आत जाऊन शोधली. त्या विंचरत असताना मी बाजूला उभा राहिलो. त्यांनी केस कानांवरून घेतले, जसे ती घ्यायची तसे.

दुपारी तीनला आम्ही निघालो. रिकामी पेटी कारकुनानं टेम्पोत चढवली आणि टेम्पो पाठवून देऊन तो आमच्याबरोबर स्मशानापर्यंत चालत आला.

तेरावा झाल्यावर तिकीट रद्द करायला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, प्रवाशाशी बोलल्याशिवाय रद्द करता येत नाही, मॅडमना फोन द्या. मी म्हणालो, त्या नाहीत. ती म्हणाली, मग त्या येतील तेव्हा परत लावा. मी बरं म्हणून फोन ठेवला.

सतरा मार्चला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. शिवांजलीनं फोनवर बाळाचा आवाज ऐकवला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही या. काम असो की नसो."

म्हणून मी माझ्या पासपोर्टचा अर्ज केला. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. टेबलापलीकडं संयोगिता नावाच्या हवालदार होत्या, शिवांजलीच्याच वयाच्या. त्यांनी कोरा कागद पुढं केला आणि स्वतःच्या अक्षरात जबाब लिहायला सांगितला. मी लिहिलं. नाव, वय, पत्ता, किती वर्षांपासून राहतो, निवृत्त वाहतूक नियंत्रक, कोणताही गुन्हा दाखल नाही, विवाहित. खाली सही करून कागद त्यांच्याकडं सरकवला.

त्यांनी वाचला. सोबतचे कागद चाळले. मग कागद परत माझ्यासमोर ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"काका, एवढं खोडा आणि वर विधुर लिहा."

मी तो शब्द खोडला. एका रेघेत, नीट. पेन वर टेकवला आणि थांबलो. माझं शुद्धलेखन चांगलं आहे. आगारातले सगळे फलक मी तपासून देत असे.

"धु पहिला का दुसरा?" मी विचारलं.

"पहिला," त्या म्हणाल्या, आणि मी लिहीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.